पाचोडच्या साडीकोटावरील स्वारी

श्रीसूर्यनारायण समर्थ. सकळ कॅमेराधारी, लेन्सबहाद्दर आणि त्यांचे पायी रविवारची झोप गमावलेली कुटुंबे, या समस्तांस विदित व्हावे की, छत्रपती संभाजीनगर शहरी, सिडको प्रांती, राजश्री मधुसूदनराव नामे एक मातब्बर गृहस्थ विमा कचेरीतून निवृत्त होऊन नांदत होते, आणि त्यांनी पौष मासी पाचोडच्या रानात जी मोहीम केली तिचा साद्यंत मजकूर, पदरचे मीठ बेताने घालून, येथे लिहिला आहे.

शहरातील छायाचित्र मंडळ दरसाल प्रदर्शन मांडी आणि 'गावाकडची सकाळ' या विषयी उत्तम चित्रास मानाची ढाल देई. या ढालीवर रावांनी सात साले स्वारी केली आणि सातही साले मार खाल्ला. पहिले साली आभाळात विजेची तार निघाली, दुसरे साली बांधावर निळी टाकी निघाली, पुढे एके साली क्षितिजच कलंडले, आणि दर खेपेस परीक्षकांनी एकच शेरा मारिला की चौकटीत कचरा फार. मग राव इरेस पेटले आणि भरसभेत बोलून गेले की यंदा ढाल न आली तर कॅमेरा कपाटात घालून कुलूप लावीन. ही प्रतिज्ञा त्यांच्या कुटुंब नीरजाबाई यांनी ऐकिली, आणि त्या रात्री देवापाशी काय मागितले ते त्यांनी कोणास सांगितले नाही.

नीरजाबाई पूर्वी शाळेवर बाई होत्या. त्यांची विद्यार्थिनी दीपमाला, तिचे माहेर पाचोड, आणि तिच्या आईचे, म्हणजे सरूबाईंचे, दोन एकर हरभऱ्याचे रान. त्या रानात बांध वळत वळत जातो, मधोमध बाभळीचे एकटे झाड, आणि पाठीमागे उगवती मोकळी. दीपमालाने मोबाईलवर धाडिलेले जुने चित्र पाहोन रावांची मर्जी तत्काळ बसली. मग तिपाई, तीन लेन्सा, चार फिल्टर, सहा बॅटऱ्या, कानटोपी आणि चहाचा थर्मास ऐसा सरंजाम गाडीत भरोन खाशांची स्वारी पहाटे निघाली, आणि वाटेत रावांनी कुटुंबास युद्धशास्त्र निरूपण केले की, नजर आत नेणारी रेघ पाहिजे, झाड चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्यावर पाहिजे, ऊन तिरपे पाहिजे, आणि सूर्य कासराभर वर आला की सावल्या मरतात आणि सर्व व्यर्थ. नीरजाबाईंनी हूं म्हणोन खिडकीकडे तोंड केले.

रानी पोहोचोन पाहतात तो पुढे अजिंक्य कोट. रोही, म्हणजे नीलगाई, रात्री-पहाटे येऊन हरभरा खातात, सबब चहूबाजूस काठ्या रोवोन जुन्या साड्या ताणोन बांधिल्या होत्या: गुलाबी, पोपटी, केशरी, जरीकाठाच्या, लग्नात आहेर म्हणोन आलेल्या आणि कोणी कधी न नेसलेल्या. अस्सल गाव टिपण्यास आलेल्या रावांस अस्सल गाव समोर पाहोन झीट येण्याची पाळी आली. त्यांनी हुकूम फर्माविला की उगवतीकडील कोट सत्वर जमीनदोस्त व्हावा, आणि सरूबाईंनी डोईवर घागर घेऊन बांधाने सावकाश चालावे.

"घागर?" सरूबाई म्हणाल्या. "नळ हाय की दारात. घागर कशाला डोक्यावर?"

घागरीचे कलम तिथेच रद्द जाहले. कोटाविषयी मात्र बोलणी बराच वेळ चालली. सरूबाईंचे म्हणणे की, "साहेब, ह्या साड्या हायत म्हणून हरभरा हाय. रोही लई वंगाळ जनावर, याच टायमाला येतंय." राव म्हणाले, अर्धा तास फक्त. शेवटी दीपमालाच्या बाईंकडे पाहोन सरूबाईंचे मन द्रवले आणि तह ठरला तो येणेप्रमाणे: सूर्य बाभळीच्या शेंड्यास लागेतो एका बाजूच्या नऊ साड्या उतराव्या, तितका वेळ खुद्द साहेबांनी त्या खिंडारात राखणीस उभे राहावे, रोही दिसताच ओरडावे आणि हाकलावे. "नुसता फोटो नाय बरं का," त्या म्हणाल्या. रावांनी कॅमेऱ्यावर हात ठेवोन शपथ वाहिली, आणि सरूबाई म्हशीच्या धारेस निर्धास्त गेल्या.

साड्या नीरजाबाईंनी उतरविल्या, कारण राव तिपाई समतळ करण्यात गुंतले होते. मग सूर्यनारायण उदय पावले, आणि शत्रूनेही कबूल करावे ऐसे ऊन पडले. हरभऱ्याच्या पानापानावर दहिवर चमकू लागले, बाभळीची सावली लांबच लांब बांधाशी जाऊन टेकली. सात सालांत रावांनी ऐसा प्रकाश पाहिला नव्हता. चौकट निर्मळ होती, परंतु किंचित ओकीबोकी वाटत होती.

ते समयी खिंडारातून रोही आले. एक थोर नर, मागे दोन माद्या. नीरजाबाई कुजबुजल्या, "अहो, आले! ओरडा ना!" आणि राखणदाराने ओठांवर बोट ठेविले. कारण रोही चौकटीच्या अगदी कडेस होते, आणि तिसऱ्या हिश्श्यावर येण्यास त्यांस अजून वीस पावले चालणे होते. राव श्वास रोखोन उभे राहिले आणि मनोमन रोह्यांस पुढे बोलावू लागले, आणि रोहीही आज्ञाधारक, परंतु दर पावलास हरभऱ्याचे एक झाड खात, सावकाश पुढे आले. अखेर तो नर ठरल्या जागी पोहोचला, मान वर केली, पाठीवर सोनेरी कड उमटली, आणि रावांनी अकरा वेळा बटण दाबिले. बाराव्यास चौकटीत नीरजाबाई आल्या. त्यांनी गुलाबी साडी उचलोन, चपला टाकोन, आरडाओरडा करीत धाव घेतली होती आणि रोही पळत होते.

सरूबाई आल्या आणि खाल्लेल्या ओळी पाहोन उभ्या राहिल्या. "कवा आले?"

"एकदम आले," राव म्हणाले. "काही कळलंच नाही."

नीरजाबाई खाली पाहोन साड्यांच्या गाठी बांधीत होत्या. सरूबाई म्हणाल्या, "असू द्या. जनावर हाय, तुम्ही तरी काय करणार?" आणि निघताना त्यांनी हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्यांची मोठी जुडी गाडीत घातली. ते डहाळे रावांनी घरी खाल्ले. गोड होते, ऐसे ते बोलले.

पुढे प्रदर्शन मांडले आणि नीरजाबाईंनी सरूबाईंस आग्रहाने बोलाविले. सरूबाई नवी साडी नेसोन एसटीने आल्या आणि रावांच्या चित्रापुढे फार वेळ उभ्या राहिल्या. राव लगबगीने खालच्या नावाच्या चिठ्ठीस पाठ लावोन उभे ठाकले.

"कुणाचं रान हाय हे?" सरूबाई हळहळल्या. "ना साडी, ना बुजगावणं. बघा, जनावर पार मधी येऊन खातंय, अन् फोटोवाला खुशाल उभाय! हाड म्हणाया तोंड नव्हतं व्हय त्याला?"

राव चिठ्ठीस अधिकच चिकटले, आणि इतक्यात मंचावरून पुकारा जाहला की, प्रथम मानाची ढाल, चित्र 'पाचोडची पहाट', छायाचित्रकार मधुसूदनराव. टाळ्या पडल्या. राव जागचे हलले तो चिठ्ठी उघडी पडली.

सरूबाईंनी चिठ्ठी वाचली. चित्रातील बाभूळ नीट पाहिली. मग मागे उभ्या नीरजाबाईंकडे वळोन त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, पुढल्या खेपंला तुम्ही एकट्याच या."

येणेप्रमाणे सात सालांचे अपयश धुतले गेले. साड्यांचा कोट पडला, ढाल हस्तगत जाहली, आपल्या पक्षाकडील कोणी जखमी नाही, हरभऱ्याच्या चार ओळी तेवढ्या कामास आल्या. मंचावर राव हसले नाहीत, परंतु मंडळाच्या दप्तरी त्या दिवसाचे जे चित्र लाविले आहे त्यात प्रकाश उत्तम आहे. मोहीम फत्ते जाहली.