मैनाबाईसाहेबांच्या सोयरिकीचे कोडे

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि जे सांगितलेच नाही त्यासही नमन, कारण सारी मेख तेथेच असते. शके सोळाशे छपन्न, आनंदनाम संवत्सरे, वैशाख मासी एका राज्यी वर्तमान जाहाले ते येणेप्रमाणे. राजकन्या मैनाबाई तेविशीच्या, गणिताच्या नादी, आणि त्यांस शेजारील दौलतीच्या हैबतरावांचे स्थळ सांगून आले. रीत ऐसी की, वराचे वय उघड न सांगता कोडे घालावे, आणि उत्तर न काढिता, माहिती पुरते की नाही इतकेच कन्येने सांगावे. अपुरी ठरल्यास वराने जातीने यावे. परंतु कन्या चुकली तर वर कैसाही असो, मुकाट माळ घालावी. मग वरपक्षाचे वकील त्रिंबकपंत भरसभेत उभे राहून वदले, "एक: हैबतराव व त्यांचे बंधू यांच्या वयांची बेरीज सत्तर. दोन: दहा वर्षांमागे तीच बेरीज पन्नास." आणि मिशीवर ताव देऊन बसले. मग दरबारच्या दोघा शास्त्र्यांपैकी थोरल्या शास्त्रीबोवांनी धूळपाटीवर आकडे मांडून वर चोवीस वर्षांचा काढिला, आणि धाकट्यांनी शेहेचाळिसांचा, आणि दोहोंचा ताळा बिनचूक जुळला, आणि उभयता हमरीतुमरीवर आले. आईसाहेबांनी कन्येस कोपराने ढोसून म्हटले, "अगं, चांगल्या दोन दोन गोष्टी सांगितल्या, पुरे म्हण नि सुट! नसता म्हातारा गळ्यात पडायचा." मैनाबाई मान वर करून बोलिल्या, "आईसाहेब, दोन कुठल्या? दहा वर्षांत दोघे भाऊ दहा दहांनी वाढले, बेरीज विसांनी वाढली. हे न सांगताही कळत होते. एकच बाई लुगडे बदलून दोनदा हळदीकुंकवास आली हो! माहिती अपुरी." राजे खो खो हसले, आणि शास्त्रीद्वयाने आपले आपणच कान धरिले, आणि वकिलांचा मिशीवरील हात हळूच खाली आला.

मग हैबतराव जातीने आले, कपाळावरचे केस किंचित मागे सरकलेले, आणि पुसण्याआधीच बोलिले, "मी एकतीस, दादा एकोणचाळीस. कोडे वकिलांचे, मला तर ते उमगलेही नाही." बाईंनी पुसिले, "आणि स्वभाव?" रावांनी मान खाजवून म्हटले, "त्याच्या दोन गोष्टी सांगेन, पण त्यांवर विसंबू नये. नांदून पाहावे." बाई हसल्या, "इतके पुरे," म्हणाल्या, आणि माळ घातली.

तात्पर्य, बेरजेने वय कळले नाही, माणूस समोर आल्यावर कळले. बाकीचे नांदता नांदता कळत गेले, आणि थोडके अखेरपर्यंत कळावयाचे राहिले, म्हणोन संसार सुखाचा जाहाला.