पाचव्या रकान्यातला मंगळ

१९९२ साली ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची निम्मी लग्नं माझ्या प्रोग्रामनं जुळत होती. अगदी मोजून निम्मी नव्हेत, पण मी सगळ्यांना निम्मीच सांगायचो. आमच्या वधू-वर मंडळाच्या दोन शाखा. ठाण्यात नौपाड्यातली त्र्यंबकराव बघायचे, डोंबिवलीची मंदाकिनीबाई. दोघांनाही कॉम्प्युटरपुढे बसवलं ते मीच. दर शनिवारी ठाण्याच्या मुलींची यादी फ्लॉपीवर घेऊन मी डोंबिवलीला पोचवायचो. "माणूस चुकेल, कॉम्प्युटर नाही चुकत," हे मी तेव्हा इतक्यांदा बोललोय, की आता आठवलं तरी कान गरम होतात.

एकदा त्र्यंबकराव म्हणाले, "मधु, हल्ली मुलाकडचे आधी विचारतात, मुलगी नोकरी करते का. तेवढा एक रकाना वाढव की."

"एवढंच ना? संध्याकाळपर्यंत देतो."

दिलाही. शिक्षणाला लागून बरा दिसेल म्हणून चौथ्या रकान्यानंतर घुसवला. एक म्हणजे आहे, शून्य म्हणजे नाही. डोंबिवलीचं मशीन जुनं, त्यात नवा प्रोग्राम मावेना. म्हटलं, राहू दे जुनाच, यादी तर तीच आहे, वाचेल की.

वाचली त्यानं. पण जुना प्रोग्राम रकान्यांची नावं बघत नसे, नुसते रकाने मोजायचा. त्याच्या लेखी पाचवा रकाना मंगळाचा, आणि तिथला एक म्हणजे मंगळ आहे, कारण मीच तसं शिकवलेलं. त्या शनिवारी ठाण्यातल्या यच्चयावत नोकरदार मुलींना डोंबिवलीत मंगळ लागला.

त्यांत माझी उत्तराताई होती. वय एकोणतीस, शाळेत शिक्षिका. डोंबिवलीच्या केतकरांचा मुलगा दोनदा घरी येऊन गेलेला. अकरा स्थळांनंतर ताई पहिल्यांदाच "बरा आहे" म्हणाली होती, आणि आईनं साड्यांचा विषय काढला होता. सोमवारी केतकरांचा निरोप आला, जमणार नाही. कारण काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात ताईकडे बघवत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी फ्लॉपी घेऊन गेलो, तर मंदाकिनीबाईंसमोर केतकरकाकू छापील यादी घेऊन बसलेल्या.

"मंगळ लपवलात तुम्ही," त्या म्हणाल्या.

"काकू, पत्रिका दिलीय ना तुम्हाला? त्यात कुठे आहे मंगळ?"

"पत्रिका काय, हवी तशी करून मिळते. कॉम्प्युटरला कोण पढवणार?"

"मीच पढवलाय हो," मी म्हणालो.

मंदाकिनीबाईंनी चष्मा वर केला. "तरीच! ठाण्याची एक कमावती मुलगी बिनमंगळाची मिळेना मला. म्हटलं, तिकडचं पाणीच तसं असेल."

ठाण्याची यादी आणि काकूंच्या हातातली शेजारी ठेवून मी तासभर रकाने मोजून दाखवले. काकू बाई तशा सरळ. म्हणाल्या, "असं होय. मग आमची काही हरकत नाही. या रविवारी बोलणी करायला." मी लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

ताई वह्या तपासत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "आणि तो काय म्हणाला?"

"तो कुठे भेटला? काकूच होत्या."

"त्याला माझी शाळा माहितीये. एकदा येऊन विचारता आलं असतं, की हे खरं का. पाच दिवस होते."

"अगं, पण चूक माझी होती."

"तुझी होतीच. ती नीट कर. केतकरांना मात्र नको म्हणून सांग. आणि निरोप पाठवू नकोस, तूच जा."

आई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. मी नोकरीचा रकाना उचलून अगदी शेवटी नेला. तिथवर जुना प्रोग्राम मोजतच नव्हता, त्यामुळे सगळ्या मुलींचा मंगळ उतरला. इतकं सोपं होतं. नवं काही करताना, जुन्याला ते कसं दिसेल, एवढं एकदा तिथे बसून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही, आणि किंमत ताईनं मोजली. तिचं खरंच चुकत नाहीये ना, हे मात्र मला कळत नव्हतं. मुलगा चांगला होता हो.

ठरलेल्या रविवारी केतकरांकडे गेलो. दार त्यानंच उघडलं. मी उंबऱ्यातच, जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं, की ताईचा नकार आहे. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. मग म्हणाला, "थांबा हं, आईला विचारून सांगतो."