शांताआत्या, मी आणि ओली गादी

माझ्या शांताआत्याच्या घरी गेलात तर ती तुम्हाला लगेच बसा म्हणणार नाही. हाताने थांबायची खूण करील, आत जाईल आणि एक लाल रबरी चादर घेऊन येईल. दवाखान्यात बाळंतिणीच्या खाटेवर घालतात ती. ती सोफ्यावर पसरून चारी कोपरे नीट खोचले की मगच म्हणेल, "हां, आता बसा निवांत." त्या चादरीवर निवांत बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक तलाठी तर अर्धा तास नुसता कडेला टेकून होता.

चादरीचं कारण मांजर.

आत्या तीसेक वर्षं कळमनुरी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स होती. गावोगावच्या बायका तिला अजून शिस्टरबाई म्हणतात. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. माझी बदली कळमनुरीजवळच्या शाळेवर झाली तेव्हा वडील म्हणाले, भाड्याची खोली कशाला, आत्याकडे राहा. मी दोन बॅगा आणि एक नवी कोरी कापसाची गादी घेऊन राहायला गेलो. गादीचा उल्लेख पुढे बराच येणार आहे.

घरात पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक मांजर होती. मी विचारलं, "आत्या, तू मांजर पाळलीस?"

"माझी न्हाई ती. येऊन राहिली, मी काय करू?"

असं म्हणत तिने दूध उकळलं, निववलं, बोट घालून पाहिलं आणि मग वाटीत ओतलं. मांजरीला तिने नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की घरचं होऊन बसतं, असं तिचं म्हणणं. नुसतं 'ती' म्हणायची.

आठवडाभरात एका दुपारी शाळेतून आलो आणि गादीवर पडलो, तर पाठ ओली झाली. आधी वाटलं, छत गळतंय. पण महिना एप्रिल होता. मग वास आला. मांजराच्या मुताचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याने घेऊ नये. मी हाका मारल्या. आत्या आली, चष्मा वर सरकवून वाकली, हुंगलं आणि म्हणाली, "ताजं हाय. तासाभराच्या आतलं."

"आता काय करायचं?"

"माझ्या खाटेवर कधी केलं न्हाई तिनं," आत्या विचारात पडली. "तुझ्याच गादीवर काहून करून राहिली? सुध्या, तू साबण कोणतं लावतो?"

इथून माझ्यावर उपचार सुरू झाले. मांजरीवर नव्हे, माझ्यावर. साबण तीनदा बदलला. डोक्याचं तेल बंद झालं. त्यानेही फरक पडेना, तेव्हा आत्याने जंताची गोळी आणली. पोटात जंत असले की घामाला वेगळा वास येतो, म्हणे. शाळेत पोरांना जंताच्या गोळ्या वाटणारा मी, वय वर्षं एकतीस, तिच्यासमोर उभा राहून गोळी चघळली आणि गिळल्याची खात्री म्हणून तोंड उघडून दाखवलं.

दुसरीकडे गादीचीही सेवा चालूच होती. खाण्याचा सोडा भुरभुरून झाला, लिंबाचं पाणी शिंपडून झालं, संत्र्याच्या साली ठेवून झाल्या. मांजरीने सालींच्या मधोमध जागा शोधली. आत्याने बांधकामावरून घमेलंभर वाळू आणवली. मांजर त्या वाळूत गुंडाळी करून झोपली आणि उठल्यावर शांतपणे माझ्या गादीकडे गेली. गादी रोज गच्चीच्या कठड्यावर वाळत पडायची. एकदा चौथीच्या वर्गात गल्लीतल्याच एका मुलीने हात वर केला. मला वाटलं, भागाकाराची शंका असेल. तिने विचारलं, "सर, तुमची गादी रोज काहून वाळू घालता?" वर्ग हसला.

शेवटी मीच हट्ट धरून दोघींना जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मांजरीचं पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिला काही झालेलं नाही. मग विचारलं, "घरात एवढ्यात नवीन कुणी राहायला आलंय का? मांजरांना चालत नाही. ती असं करतात."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर 'बघ, मी म्हणत नव्हते?' हे तिच्या चेहऱ्यावर घरापर्यंत होतं.

हेही मी सोसलं असतं. पण जून महिन्यात कनेरगाव नाक्याकडची माणसं माझं स्थळ आणि घर बघायला आली. मुलगी मला पसंत होती, फोनवर दोनदा बोलणंही झालं होतं. सकाळपासून मी फरशी पुसली, उदबत्त्या लावल्या, मांजरीला स्वयंपाकघरात कोंडलं. आत्याने कधी नव्हे ते रबरी चादर घालायची नाही असं कबूल केलं. मुलीच्या वडिलांनी पांढरा रुमाल डोक्यावरून काढून शेजारी सोफ्यावर ठेवला. आत्या पोहे आणायला आत गेली आणि दार उघडं राहिलं.

मांजर आली, सोफ्यावर चढली, त्या रुमालावर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत तिने आपलं काम उरकलं. कुणी हललं नाही. मुलीचे वडील हातातल्या कपाकडे बघत बसले.

"काही होत न्हाई," आत्या म्हणाली. "थंड पाण्यानं लगेच निघतंय. गरम नका लावू." आणि आत जाऊन चादर घेऊन आली. "उठा जरा."

दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी आत्याशी प्रथमच वरच्या आवाजात बोललो. म्हणालो, "एक तर ती राहील, नाही तर मी. तू ठरव." आत्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. सकाळी उठलो तर मांजर दूध पिऊन कापडी पिशवीत बसवलेली, फक्त तोंड बाहेर. "शेवंताच्या तांड्यावर सोड," आत्या म्हणाली. "तिच्याकडं उंदरांची लई तकलीफ हाय." शेवंताबाईची दोन्ही बाळंतपणं आत्यानेच केलेली. मी मोटारसायकल काढली. आत्या दारापर्यंत आली नाही.

नंतर घर कोरडं झालं. गादी एकदाची उन्हातून सुटली. मी शाळेतून यायचो, जेवायचो, फोन घेऊन पडायचो. आत्या कमी बोलायची. माझ्या साबणाची चौकशी बंद झाली. बाजाराच्या दिवशी मात्र तिला यायला उशीर व्हायचा आणि पिशवीत भाजी थोडीच असायची. मला वाटलं, वय झालं, ओझं झेपत नसेल.

दिवाळीनंतर शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी करायला मी त्या तांड्यावर गेलो. शेवंताबाईंनी ओळखलं, बाज टाकली, चहा ठेवला. म्हणाल्या, "बाई आज तुमच्यासंगं न्हाई आल्या?"

"आत्या? ती कशाला येईल?"

"दर बाजाराला येतात की. शिद्धेश्वरच्या धरणाची बारीक मासळी आणतात तिच्यासाठी." त्यांनी मांजरीकडे बोट दाखवलं. ती ज्वारीच्या पोत्यावर पाय ताणून झोपली होती. "तासभर बसतात. बोलतात तिच्याशी."

"काय बोलते?"

शेवंताबाई जरा घुटमळल्या. "तुमचंच. सर धड जेवत न्हाईत म्हणतात. माझ्यामुळं पोराचं जमलेलं मोडलं म्हणतात. घरात दोन माणसं हाय, पण बोलणं न्हाई म्हणतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. भिंतीशी एका टोपल्यात जांभळी, जरीच्या काठाची शाल अंथरलेली होती. आत्याच्या निवृत्तीला तालुक्याच्या बायकांनी वर्गणी काढून पांघरलेली. इतकी वर्षं ती कपाटात कागदाच्या घडीत होती, मलाही तिने हात लावू दिला नव्हता. मी वाकलो. वास ओळखीचा होता.

"मी सांगितलं बाईला, घाण केली हो तिनं, घेऊन जा," शेवंताबाई म्हणाल्या. "तर म्हणल्या, राहू दे. राग आला असंल तिला. सोडून दिलं मी. बराबर हाय तिचं."

घरी आलो तेव्हा आत्या मेथी निवडत होती. नेहमीप्रमाणे तिने वर न बघता विचारलं, "उशीर काहून?"

"यादीचं काम होतं. तांड्यावर गेलो होतो."

तिचे हात थांबले. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि एक जुडी पुढ्यात ओढली. आम्ही दोघं पानं खुडू लागलो.

"या बाजाराला मी पण येतो," मी म्हणालो. "गाडीवर जाऊ. आणू तिला."

आत्याने काड्या गोळा केल्या, पदराने नाक पुसलं.

"मोठी टोपली घे मग," ती म्हणाली. "वजन वाढलंय तिचं."