एका किकची गाडी

मोटारसायकल दुरुस्त करणं हे मूल वाढवण्यापेक्षा सोपं आहे, असं माझं ठाम मत आहे. मोटारसायकल औषध पाजताना तोंड फिरवत नाही. तिचा एखादा भाग हातात घेऊन तुम्ही फोन घ्यायला गेलात, तर ती मधल्या वेळात टेबलावर चढून बसत नाही. शिवाय मी फिजिक्सची पदवीधर आहे. इंजिनाची आकृती मी परीक्षेत रंगीत पेन्सिलींनी काढली होती आणि सरांनी ती वर्गभर फिरवली होती. एवढ्या भांडवलावर मी सासऱ्यांची जुनीपुराणी मोटारसायकल घरच्या घरी, जवळजवळ फुकटात, चालू करायची ठरवली, तर त्यात चुकलं काय?

"अगं, पण तुला तर दुचाकीची भीती वाटते ना?" सासूबाईंनी विचारलं.

वाटते. मी भित्री आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलगी झाल्यावर नवऱ्याला त्याची दुचाकी विकायला लावणारी मीच. आमच्या घरात टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज आहे आणि प्रत्येक कपाटाच्या मुठींना दोरी. ती गाठ माझी खास आहे. पाहुण्यांना पाणी द्यायचं तर मला हाक मारावी लागते, कारण ग्लासांचं कपाट दुसऱ्या कुणालाच उघडता येत नाही.

आणि भोकं! आमची ठमी दीड वर्षाची आहे. तिला भोक दिसलं की त्यात काहीतरी टाकायचंच असतं. सासरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सासूबाई कौतुकाने म्हणतात, "आजोबांची नोकरी पुढे चालवतेय हो!" रिमोटचे सेल, माझं कानातलं, अर्धं बिस्कीट, सगळं टपालात. आधी वस्तू जाते, मग बोट जातं, मग बोंब. म्हणून माझा नियम असा: भोक दिसलं की बुजवायचं. हाताला लागेल त्याने, तिथल्या तिथे. हे आता मी श्वास घ्यावा तितक्या सहज करते. केल्याचं लक्षातही राहत नाही.

तर, मोटारसायकल. ती आमच्या अडगळीच्या खोलीत उभी होती, फुटकी बादली आणि मोडका पंखा यांच्या संगतीत. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिच्यावरून उभी हयात टपाल वाटलं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणतात चाला, बाबा म्हणतात कुठे? मग नणंदेचा फोन आला.

"वहिनी, आमच्याकडचं चालायचं मशीन पाठवतेय बाबांसाठी. त्यावर सध्या नुसते कपडे वाळतात. ती अडगळीची खोली रिकामी करा फक्त."

"बाबांची गाडी आहे तिथे."

"ती गाडी आहे होय? मला वाटलं, गंज आहे."

बाबांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देऊन टाका भंगारात." भंगारवाला रविवारी सकाळी येणार असं ठरलं.

पण मी सतत कुणावर तरी नजर ठेवून असलेली बाई. त्याच संध्याकाळी ठमीच्या मागे धावताना मला अडगळीच्या खोलीत बाबा दिसले. टाकीवर हात ठेवून उभे होते, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"धूळ किती झालीये ते बघत होतो," मला पाहून ते म्हणाले.

"बाबा, ही चालू झाली तर?"

"चालू झाली तर कोण भंगारात देईल? एका किकची गाडी होती ही." आणि ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच!

संपलं. रविवारच्या आत ही गाडी चालू होणार म्हणजे होणार.

"कर काय करायचं ते," नवरा म्हणाला, "पण घरात आहे त्यातच. एक नवी वस्तू आणायची नाही."

दुसऱ्याच दिवशी गाडी अंगणात आणून खोलायला घेतली. तान्ह्या मुलाच्या घरात काय नसतं? कार्बोरेटर मी दुधाच्या बाटल्या उकळायच्या भांड्यात उकळला. त्याची बारीक छिद्रं, ठमीचं नाक चोंदलं की वापरतो त्या रबरी पिचकारीने मोकळी केली. सीटला जुन्या बॅगेचं रेक्झिन, खरचटलेल्या रंगावर लाल नेलपॉलिश. प्लग दात घासायच्या ब्रशने घासला. (कुणाच्या, ते नवऱ्याला अजून माहीत नाही.) टाकीतला गंज काढायला आत व्हिनेगर आणि मूठभर स्क्रू घालून ती तासन् तास हलवावी लागते. माझे हात भरून आले, तेव्हा मी टाकी दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवली आणि दोरी ओढत बसले. इतक्यात शेजारच्या काकू डोकावल्या.

"झोपली का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे, अजून गंज निघतोय."

काकू नंतर बराच वेळ सासूबाईंशी दबक्या आवाजात बोलत होत्या.

बाबांनी प्लग कसा आवळायचा ते आधी खिडकीतून सांगितलं. मग दारातून. मग स्टूल मागवून माझ्या शेजारीच बसले आणि मला रागवायला लागले. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम एक नट उलटा फिरवला.

घरात मात्र बाकीच्या आघाड्या पेटल्या होत्या. मागे कपडे धुण्याच्या जागेत पाणी तुंबायला लागलं. मशीन पाणी सोडायचं आणि ते जायचंच नाही. सासूबाई साडी खोचून तळ्यातून चालल्यासारख्या चालायच्या. त्यातच त्यांनी बाबांसाठी स्वतः विणलेले राखाडी लोकरीचे मोजे हरवले.

"दोन्ही?" मी विचारलं.

"दोन्ही. एक हरवला असता तर मशीनने खाल्ला म्हटलं असतं. दोन्ही म्हणजे चोरी."

"लोकरीचे मोजे कोण चोरेल, आई?"

"तुला काय माहीत? अस्सल लोकर होती."

प्लंबर आला. मशीनमागे हात घालून त्याने भोकात तार सारली आणि मान हलवली. "तार पुढे जातच नाही. पाइप भिंतीतच तुंबलाय. फोडावं लागेल. रविवारी येतो."

शनिवारी गाडी जोडून झाली. अंगणाच्या मधोमध उभी केली. डोक्यावर नवऱ्याचं जुनं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना ठमीच्या पाळण्यातल्या उश्या.

"तू गाडी चालू करतेयस की युद्धावर चाललीयेस?" नवऱ्याने विचारलं.

मी किक मारली. गाडी एकदा "खक्" करून खोकली आणि गप्प झाली. दुसऱ्या किकला तसंच. तिसऱ्यालाही तसंच. नवऱ्याने किक मारून पाहिली आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून सांगितलं की चूक माझी आहे. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवायचं ठरलं, आणि मी चप्पल शोधेपर्यंत बाबा स्वतःच काठी टेकत फाटकाबाहेर पडून त्याला घेऊन आले! सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. एक शब्द जरी बोललो असतो तर ते परत खुर्चीत जाऊन बसले असते.

गॅरेजवाल्याने कान लावून ती खक् ऐकली. "पिस्टन गेला. इंजिन खोलावं लागेल. महिनाभर तरी ठेवा माझ्याकडे."

"भंगारवाला उद्या येतोय," मी म्हटलं.

"मग त्यालाच द्या. तो लवकर करेल."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. मग एकच. गाडीचा श्वास कोंडतोय."

श्वास! हा तर माझा विषय. मी एअर फिल्टर काढून धुतला, वाळवला, परत बसवला. कार्बोरेटरला पुन्हा पिचकारी लावली. पुन्हा किक मारली. पुन्हा खक्.

रविवारी सकाळी भंगारवाला हातगाडी आणि पारड्याचा लटकता काटा घेऊन अंगणात हजर. त्याच वेळी प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या बाजूला गेला. बाबा परत खिडकीजवळच्या खुर्चीत. आत ठमीला कडेवर घेऊन नवरा नणंदेला फोनवर सांगत होता, "हो, होतेय खोली रिकामी."

"इंजिन वेगळं, लोखंड वेगळं," म्हणत भंगारवाल्याने काटा वर धरला. "उचला, ताई."

"थांबा, दादा. एक किक."

"अहो ताई, गेलेल्या माणसाला कितीदा हलवणार?"

"एकच."

खिडकीतून बाबांचा आवाज आला. "रेस किती देतेस तू?"

"थोडीशी," मी म्हटलं. खरं सांगायचं तर, देतच नव्हते. गाडी अचानक पळाली तर?

"थोडीशी! अगं, ती काय दुधाची बाटली आहे? पूर्ण पीळ!" बाबा आता दारात आले होते. "घाबरायचं नाही. मी आहे."

मी डोळे मिटले, रेस पूर्ण पिळली आणि सगळा जीव पायात आणून किक मारली.

धडाम्!

सायलेन्सरमधून काहीतरी राखाडी, तोफेच्या गोळ्यासारखं, सुटलं आणि भंगारवाल्याच्या पारड्यात जाऊन पडलं. काटा हलला. आणि गाडी? गाडी धडधडत, थरथरत, सगळ्या अंगणाला ऐकवत चालू झाली!

भंगारवाल्याने पारड्यातली वस्तू दोन बोटांनी उचलली. "हे पण द्यायचंय का?"

"अहो, माझा मोजा!" सासूबाई धावल्या.

तेव्हा मला आठवलं. गाडी अंगणात आणली त्या पहिल्याच दिवशी ठमीने सायलेन्सरमध्ये बिस्कीट टाकलं होतं. सायलेन्सरचं तोंड बरोबर तिच्या उंचीवर. आणि दोरीवर मोजे वाळत होते.

बाबा हसत होते. डोळे पुसत, पोटाला हात लावून हसत होते. "आवाज बघ! तोच आवाज!" भंगारवाल्याने काटा गुंडाळला. नवरा फोनवर ओरडून सांगत होता, "नाही, नाही, मशीन नको! हा आवाज गाडीचाच आहे!"

सासूबाईंनी काजळी लागलेला मोजा झटकला आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "आणि याची जोडी?"

घराच्या मागून छिन्नीवर हातोड्याचा पहिला घाव ऐकू आला.

मशीनमागचं भोक. त्यात ठमीने चमचा टाकला होता.

आता माझी पंचाईत बघा. हात सोडला तर गाडी बंद पडणार. नाही सोडला तर भिंत पडणार. "बाबा!" मी त्या धडधडाटात ओरडले. "प्लंबरला थांबवा! आत मोजा आहे!"

आणि बाबा निघाले. काठी दाराशीच राहिली. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस तातडीची तार द्यायला निघावा, तसे गेले.

तरीही थोडा उशीर झालाच. मोजा सापडला, पाणी वाहिलं, पण भिंतीत आता वाटीएवढं एक नवं भोक आहे, ठमीच्या बरोबर उंचीवर. प्लंबर म्हणतो, सिमेंट घेऊन येतो. कधी, ते सांगत नाही. बाबा रोज संध्याकाळी मोटारसायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात. चालवत नाहीत, हाताने ढकलत नेतात आणि गॅरेजवाल्याच्या दारात एका किकमध्ये चालू करून दाखवतात. डॉक्टर म्हणतात, व्यायाम उत्तम आहे.

ते भोक मात्र मला स्वस्थ बसू देईना. काल मी मोजे शोधायला गेले. सासूबाईंनी ते कपाटात ठेवलेत आणि कपाटाच्या मुठींना दोरी बांधलीये. गाठ माझीच, मलाच बघून बघून शिकलेली. पण त्यांनी वर एक जास्तीचा वेढा दिलाय, आणि तो काही केल्या मला सुटत नाही.