मध्यान्ह पद

अणुभट्टीच्या नळ्यांमधून उकळतं पाणी वाहताना त्याचा दाब किती घटेल, हे आधीच सांगणारं सूत्र तिने तीन वर्षं खपून तयार केलं होतं. प्रयोगशाळेतल्या नळीवर ते दिवसभर चोख जुळायचं. फक्त रोज बारा ते एक, दाबातली घट दाखवणारा काटा सूत्राच्या आकड्यापेक्षा खाली यायचा.

"सूत्रात एक पद वाढवा," साहेब म्हणाले.

"पण सर, पाण्याला घड्याळ कळत नाही."

"निसर्गाला सगळं कळतं."

साहेबांनी स्वतःच ते पद बसवलं, त्याला 'मध्यान्ह पद' असं नाव दिलं आणि अहवालावर तिच्या नावाच्या वर स्वतःचं नाव घातलं. सोमवारी तपासणी समिती येणार होती. समितीने मान्यता दिली की सूत्र खऱ्या अणुभट्टीसाठी वापरलं जाणार होतं, मध्यान्ह पदासकट. या विचाराने तिची अन्नावरची वासना उडाली.

सोमवारी समितीच्या अध्यक्षबाईंनी अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

"बारा वाजत आलेत. दाखवा."

सगळे खाली नळीपाशी गेले. सव्वाबारा झाले. काटा हलेना. साहेबांनी काचेवर टिचकी मारली. साडेबाराला आणखी एक मारली.

नळीचे ऑपरेटर म्हणजे तिचे सख्खे मामा. ऑफिसात ते तिला मॅडम म्हणत.

"मामा, आज काय वेगळं केलंत?"

"काही नाही, मॅडम. उलट समिती येणार म्हणून सगळं आवरलं. डबेसुद्धा ठेवले नाहीत."

"कसले डबे?"

"जेवणाचे. नळीवर तापायला ठेवतो ना रोज. सात असतात. नळीवरचं वेष्टन दोनेक हात कापून बैठक केलीये, घसरत नाहीत."

ती वाकून कापलेलं वेष्टन बघू लागली. "गार डबे नळीची उष्णता ओढून घेतात. आतल्या थोड्या वाफेचं परत पाणी होतं. वाफ कमी झाली की दाबही कमी घटतो. मामा, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"अगं, त्यात तुझाही डबा असतो की," मामा मॅडम म्हणायचं विसरले. "तुला काय वाटलं, तो आपोआप गरम होतो?"

अध्यक्षबाईंनी डबे मागवले. सात डबे नळीवर चढले आणि काटा उतरत उतरत मध्यान्ह पदाने सांगितलेल्या आकड्यावर थांबला.

"बघा," साहेब म्हणाले. "तंतोतंत."

"अणुभट्टीत डबे कोण ठेवणार?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेब विचार करू लागले. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून स्वतःचा डबा काढून सातांच्या शेजारी ठेवला. शास्त्रीय कुतूहल असावं.

एक वाजता डबे उतरले. काटा सावकाश वर चढला आणि तिच्या साध्या, बिनपदाच्या सूत्राच्या आकड्यावर येऊन उभा राहिला. ती दाखवायला वळली, तर सगळे जेवत होते.

"बाई, जरा बघता का?"

"इथून दिसतंय," अध्यक्षबाई तोंडातला घास संपवून म्हणाल्या. "ते पद खोडा. बाकी मंजूर. आणा कागद, आत्ताच सही करते."

उजवा हात खरकटा होता. त्यांनी डाव्याने केली.

आठवड्याने अहवाल मुख्य ऑफिसातून परत आला. सूत्राबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता: 'अध्यक्षांची सही नोंदीतल्या नमुन्याशी जुळत नाही. फरकाचे शास्त्रीय कारण कळवावे.'