हिरव्या ठिणगीचा हट्ट

स्कूटरची बॅटरी ओट्यावर चढलेली पाहून बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, स्वयंपाकघर आहे हे!"

"अंधार इथेच होतो नीट," असं म्हणून नवऱ्याने पडदा ओढला.

पडदा ओढण्यात तो तरबेज होता. कचेरीच्या नाटकमंडळाने इतकी वर्षं त्याला तेवढंच काम दिलं होतं. यंदा मात्र दिग्दर्शक म्हणाला होता, "चेटकीण येते तेव्हा हिरवी ठिणगी उडवून दाखवा, शिपायाचं काम तुमचं. चांगली दोन वाक्यं आहेत." त्या दोन वाक्यांसाठी गडी इरेला पेटला होता. आणि रंगीत तालीम आज संध्याकाळीच होती.

ठिणगी उडते तेव्हा धातूची थोडी वाफ होते आणि जसा धातू तसा वाफेचा रंग, एवढं त्याने वाचून ठेवलं होतं. तांबं हिरवं, लोखंड केशरी. त्याने बॅटरीची एक तार कानशीला गुंडाळली आणि दुसरी तिच्यावर घासली. केशरी ठिणग्यांचा सडा पडला.

"छान दिसतंय की!" बायको म्हणाली.

"कानस लोखंडाची आहे. केशरी काय, कोणीही काढेल!"

मग खारे शेंगदाणे खात खात तांब्यावर तांबं घासलं. ठिणगी पिवळीधमक! तांबं भेसळीचं दिलं म्हणून त्याने तारवाल्या दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं आणि तोंडी लावायला शेंगदाणे खात राहिला.

"त्या खारट हातांनी तारा धरू नका हो, गंजतील," बायको म्हणाली.

त्याची ट्यूब पेटली. पिवळं ते मीठ! दुकानदाराची माफी मागून त्याने हात धुतले, तारा पुसल्या. या वेळी ठिणगी हिरवी आली, पण नखाएवढी. मागच्या रांगेतल्यांना काय दिसणार? बायको शेजारी गेल्याबरोबर त्याची नजर फळीवरच्या पातेल्याकडे वळली. सासूबाईंनी लग्नात दिलेलं, अस्सल तांब्याचं.

"बूड कोण बघतंय!" त्याने ते उपडं घातलं. पहिली ठिणगी हिरवीगार आली आणि त्याने उडीच मारली. दुसरी मळकट आली. तिसरी केशरी. त्याने पुन्हा हात धुतले, पातेलं घासलं. केशरी ती केशरीच. बुडावर चट्टे पडले होते आणि त्यांतून काळं लोखंड डोकावत होतं.

"काय जळतंय, जावईबापू?" दारात सासूबाई उभ्या.

त्याला घाम फुटला, पण माघार नाही. "आई, पातेलं जाळलं, माझं चुकलं. पण हे तांबं नव्हे. वरून नुसता मुलामा आहे."

सासूबाईंनी आधी दार लावलं. "हिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगू नका हो. खरं माझ्याकडेच आहे. देताना जिवावर आलं माझ्या."

त्याचे डोळे लकाकले. "आई, त्याचं बूड जाड आहे?"

संध्याकाळी खरं पातेलं आलं, पण सासूबाईंसकट. "माझ्या पातेल्याला मी सोडून कोणी हात लावायचा नाही!" एका परीने बरंच झालं, कारण ठिणगी उडणार तेव्हाच शिपाई बोलणार होता.

चेटकीण आली. सासूबाईंनी पातेल्यावर तार अशी काही ओढली की रंगमंच हिरवागार झाला. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. त्या कडकडाटात शिपायाने आपली दोन्ही वाक्यं चोख म्हटली. ती कोणालाही ऐकू आली नाहीत.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक धावत आला, त्याचे खांदे धरून म्हणाला, "कमाल! पुढच्या नाटकातही पाहिजेत हं, तुमच्या सासूबाई!"