कागदी घुबडाची करामत

लहान मुलांना पक्षी दाखवायचे, आणि तेही कंटाळा येऊ न देता? माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी जेवणाच्या टेबलावर छातीठोकपणे जाहीर केलं आणि तिथेच फसलो.

या भागात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मुलीला कशाबशा चार मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि रविवारी सकाळी मी त्या सगळ्यांना बागेत नेणार होतो.

"बाबा, त्या कंटाळल्या तर परत माझ्याशी खेळणार नाहीत हं!" मुलीने बजावलं. "आणि ती शास्त्रीय नावं अजिबात सांगायची नाहीत!"

तिचा चेहरा बघून मला गलबलून आलं. पण पक्ष्यांचा काय भरवसा? बघायला गेलं की नेमके गायब! म्हणून मी पक्की सोय केली. बायको शाळेत चित्रकला शिकवते. तिने मुलांच्या नाटकासाठी कागदाच्या लगद्याचं घुबड केलं होतं आणि मुलीलाही न दाखवता आमच्या खोलीत ठेवलं होतं. इतकं हुबेहूब, की कपाटावरून ते बघायला लागलं की मी आवाज न करता चहा प्यायचो! रविवारी उजाडायच्या आत मी ते बागेतल्या झाडावर बांधून आलो. बायकोला अर्थातच विचारलं नाही.

"श्श! वर बघा!" पोरींना घेऊन त्या झाडाखाली पोचताच मी कुजबुजलो.

"अय्या, घुबड!" पाचही पोरी हरखल्या. दुर्बिणीसाठी झोंबाझोंबी! मुलीने माझ्याकडे असं काही अभिमानाने पाहिलं, की मी टम्म फुगलो.

तेवढ्यात एक कावळा आला. घुबड दिसलं की कावळे गोळा होतात, हे मला ठाऊक होतं. कागदाचं घुबड त्यांना चालतं, हे ठाऊक नव्हतं! बघता बघता झाड काळंकुट्ट झालं आणि कान किटले.

"काका, ते उडून का जात नाही?"

"आळशी असतं गं!"

"नाही! त्याला लागलंय!" माझीच कन्या रडकुंडीला आली. "बाबा, वाचव ना त्याला!"

पाचही जणींनी भोकाड पसरलं. आता काय करता! चढलो. पँट कुठेतरी टरकली. टकलावर चोची बसायला लागल्या. मी डोळे मिटून घुबडाची मान धरली आणि जोर लावून ओढलं. दोरा पक्का होता, मान नव्हती!

"काकांनी घुबडाचं मुंडकं उपटलं!"

"अगं, कागदाचं आहे ते! खोटं आहे!" मी फांदीला मिठी मारून ओरडलो.

"माझं घुबड!" आमच्यासाठी खाऊ घेऊन आलेल्या बायकोचा फाटकातून आवाज आला. "अहो, उद्या नाटक आहे!"

मी मुंडकं घेऊन घसरत खाली आलो आणि पळत सुटलो. माझ्यामागे कावळे, कावळ्यांमागे पोरी, पोरींमागे बायको! मुलीच्या मैत्रिणी आता तुटल्या, या विचाराने मला घरी पोचल्यावर खरंच रडू येत होतं.

पुढच्या रविवारी सकाळीच बेल वाजली. दारात त्या चौघी, आणि त्यांच्यामागे जिन्यापर्यंत पोरंच पोरं! सगळ्यांना पक्षी बघायचे होते! माझी छाती पुन्हा फुगली. घाईघाईने मी पक्ष्यांचं पुस्तक काढलं.

"ते राहू दे, बाबा," मुलगी माझा हात धरून म्हणाली. "कावळ्यांना तुझा चेहरा पाठ झालाय. तू नुसता झाडाखाली उभा राहा!"